गोणपाटाआडची मान

श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्यात, एकेकाळी पाव सिंहली माणसं भाजत. दक्षिणेतून येऊन तिथं रुळलेले बेकरीवाले, तमिळ गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करणारे. उलट दक्षिणेतल्या सिंहली गावांमध्ये नाक्यावरचं चिरुटाचं दुकान हमखास जाफन्याच्या तमिळ माणसाचं. जाफन्याची तंबाखू, जाफन्यातच वळलेला चिरूट आणि गल्ल्यावर कपाळाला भस्म लावून बसलेला दुकानदार, सिंहलीत उधारी मागणारा. स्टेशनमास्तर, पोस्टातले कारकून, कचेरीतले हिशेबनीस यांतही जाफन्याची माणसं पुष्कळ. दोन्हीकडं फार प्रेम उतू जात होतं असं कुणी सांगत नाही. सकाळी पाव लागायचा, संध्याकाळी चिरूट लागायचा, आणि तेवढ्यावर भागत होतं.

मग 1956 मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा झाला. सत्तरच्या दशकात विद्यापीठाच्या प्रवेशाचे नियम असे बदलले की तमिळ मुलांना जास्त गुण मिळवूनही दार बंद दिसू लागलं. 1981 च्या मे महिन्याच्या शेवटच्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं. सुमारे 97 हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं होती त्यात, ताडपत्रांवरचीसुद्धा. आणि 1983 च्या जुलैत, वाघांनी, म्हणजे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीईनं, तेरा सैनिक मारल्याचं निमित्त होऊन, कोलंबोत तमिळांची घरं वेचून पेटवली गेली. वेचून म्हणजे अगदी वेचून. जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. चिरुटाची दुकानं जळाली, आणि तोवर जाफन्यातले बेकरीवालेही बिऱ्हाड हलवून दक्षिणेला गेले होते. पुढं पाव तमिळ माणसं भाजू लागली. चवीत फरक पडला की नाही कोण जाणे. पण सकाळी सकाळी परक्या माणसाच्या हातून काहीतरी विकत घेण्याची सवय गेली ती गेलीच.

1987 साली मी शाळेत होतो. मिरजेजवळच्या आमच्या गावात ‘शांतिसेना’, म्हणजे भारतानं लंकेत पाठवलेली फौज, हा शब्द त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. शेजारचे एक मामा फौजेत होते, ते लंकेला गेले. परत आले तेव्हा आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसलो. मामा नारळाच्या बागांबद्दल बोलले, तिथल्या विहिरींच्या पाण्याबद्दल बोलले. लढाईचं विचारलं की तपकिरीची डबी उघडत. त्या मोहिमेत आपले सुमारे बाराशे जवान गेले. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, यांना तिथल्याच लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे आपल्याकडं ठाऊक असतं, निदान असायला हवं. जाफन्यात मात्र दुसरी एक आठवण काढतात. त्याच वर्षीच्या दिवाळीत भारतीय जवान तिथल्या सरकारी इस्पितळात शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, खाटांवरचे रुग्ण अशी साठ-सत्तर माणसं मेली. चकमकीत सापडली, असं आपल्या लष्कराचं म्हणणं. जाफना ते मानत नाही. मामा दिवाळीला फटाके का वाजवू देत नसत, याचं उत्तर मी या घटनेशी जोडू पाहतो, पण ते माझं मन झालं. मामांनी कधीच काही सांगितलं नाही.

कोलंबोहून यालदेवी एक्स्प्रेसनं मी जाफन्याला गेलो तो या न सांगितलेल्या गोष्टीपायी. ही गाडी 1990 पासून जाफन्यापर्यंत धावत नव्हती. मधल्या काळात रूळ आणि स्लीपर उखडून बंकरांना लागले. 2014 मध्ये भारताच्या कर्जातून आपल्याच इरकॉन कंपनीनं घातलेल्या नव्या रुळांवरून ती पुन्हा जाफन्याला पोचली. खिडकीबाहेर कोरडी, सपाट जमीन आणि ताड. काही ताडांना शेंडाच नाही. तोफगोळ्यांनी डोकी उडवलेले बुंधे अजून उभे आहेत.

उतरलो ती जागा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातल्या दोन खोल्या. तिथले लोक वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात. आमच्या मिरजेकडंही म्हणतात, त्यामुळं माझी जीभ अडखळली नाही. त्या मला तंबी म्हणू लागल्या, म्हणजे धाकटा भाऊ. इंग्रजी स्वच्छ, शाळामास्तरी. फक्त एक गोष्ट चमत्कारिक. बोलता बोलता त्यांचा आवाज मध्येच खाली यायचा, रेडिओचं बटण कुणी पिळावं तसा. अंगणात आम्ही दोघंच असायचो.

नव्वदच्या दशकातल्या नाकेबंदीबद्दल त्या मोकळेपणानं बोलत. सरकारनं उत्तरेकडं जाणाऱ्या मालावर बंदी घातली होती. पेट्रोल नाही, बॅटरीचे सेल नाहीत, सिमेंट नाही, खत नाही, रॉकेल मिळालं तर थेंबाच्या हिशेबानं. वीज जाफन्यानं कित्येक वर्षं पाहिली नाही. मग जॅमच्या रिकाम्या बाटलीच्या तळाशी कापूस, त्यावर चमचा-दोन चमचे रॉकेल आणि तारेनं धरलेली बारीक वात. आपल्या खेड्यातली चिमणी यापुढं श्रीमंत म्हणायची. त्या उजेडात मुलांनी दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षा दिल्या. परीक्षा चुकवायची नाही हा जाफन्याचा हट्ट, गोळे पडत असतानाही. रेडिओ ऐकायला सायकल उलटी करायची. सीट जमिनीला, चाकं आभाळाकडं. डायनामोची वायर रेडिओला जोडायची, घरातल्या एकानं हातानं पायडल फिरवत राहायचं आणि बाकीच्यांनी बीबीसीची तमिळ बातमी ऐकायची. ‘नेमकी बातमी महत्त्वाची असली की फिरवणाऱ्याचा हात थकायचा,’ अक्का म्हणाल्या, आणि हसल्या. मोटारी पेट्रोलच्या दोन थेंबांवर सुरू करून रॉकेलवर पळवत. धूर असा की मागच्यानं नाक दाबावं.

मी भाबडेपणानं कौतुक केलं. काय ही जिद्द, काय ही कल्पकता. लेखकांना असं काही सापडलं की हात शिवशिवतात. अक्कांचं हसू ओसरलं. ‘कल्पकता कसली, तंबी? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे डोळे बिघडले.’

त्यानंतर बराच वेळ काही विचारलं नाही. त्यांनीच आपण होऊन गोणपाटाची गोष्ट काढली, आणि आवाज खाली गेला.

पहाटे गावाला वेढा पडायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या पुरुषांना शाळेच्या नाहीतर देवळाच्या पटांगणात आणायचं. उन्हात रांग. समोर खुर्चीत किंवा जीपमध्ये एक माणूस, डोक्यापासून कमरेपर्यंत गोणपाट, डोळ्यांपुरती दोन भोकं. एकेकाला त्याच्यापुढून चालत जायचं. गोणपाटाआडची मान हलली की तो माणूस बाजूला काढला, ट्रकमध्ये घातला. मान स्थिर राहिली की घरी जा. आपल्या दारात नंदीबैल येतो, गुबूगुबू वाजतं, पाऊस पडेल का विचारलं की तो मान डोलावतो आणि पोरं टाळ्या पिटतात. जाफन्यातही या माणसाला मान डोलावणाराच म्हणत, तलैयाट्टी. भारतीय फौजेनं ही रीत वापरली, श्रीलंकेच्या सैन्यानंही वापरली. आत बसलेला अर्थातच गावातलाच असायचा. पकडलेला, मारून मारून तयार केलेला, कधी जुना हिशेब चुकता करायला आपण होऊन आलेला.

अक्कांचा भाऊ असा चालत गेला होता. मान हलली नाही, तो घरी आला. जेवायला बसला आणि म्हणाला, गोणपाटाखालचे पाय ओळखीचे होते. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. कुणाचे पाय, ते त्यानं सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं जगला, आईनं विचारलं, बायकोनं विचारलं, नाही सांगितलं. ‘त्यानंतर आमच्याकडं लग्नाला, बाराव्याला कुणीही आलं,’ अक्का म्हणाल्या, ‘की माझी नजर आधी पायांकडं जाते.’

दीर्घ यादवीबद्दल आपण वाचतो ते बहुतेक दोन जमातींमधल्या द्वेषाबद्दल. द्वेष होताच, आहे. पण जाफन्यात राहून माझं मत असं झालं की परक्याचा द्वेष माणसं कशीबशी पोटात घालून जगतात. घरं मोडतात ती आपल्याच माणसाच्या भीतीनं. सिंहली सैनिकाला लांबून ओळखता येतं, त्याच्या अंगावर गणवेश असतो. आपल्या गल्लीतला कोण कुणाला काय सांगतो हे कसं ओळखायचं?

कारण गोणपाट नसलेल्या मानाही होत्या. वाघांना तिथं ‘इयक्कम’ म्हणत, म्हणजे चळवळ, नाहीतर नुसतं ‘आमची पोरं’. या पोरांनी खबऱ्या ठरवलेल्यांना दिव्याच्या खांबाला बांधून गोळ्या घातल्या, गळ्यात द्रोही असल्याची पाटी अडकवून. 1986 मध्ये टेलो या दुसऱ्या तमिळ गटातली पोरं त्यांनी भर रस्त्यात मारली. तीही कुणाची तरी आमची पोरंच होती. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरणगम यांनी सहकाऱ्यांबरोबर सगळ्यांचेच अत्याचार नोंदवायला घेतले होते, सरकारचे, भारतीय फौजेचे आणि वाघांचेही. तमिळ बाई, नवरा सिंहली. 21 सप्टेंबर 1989 ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. वय पस्तीस. संशय वाघांवरच गेला. अक्कांनी त्यांचं नाव घेतलं तेव्हा उठून आधी फाटकाची कडी लावून आल्या. वाघ संपून किती वर्षं झाली होती!

जाफन्याच्या कॅलेंडरात 30 ऑक्टोबर ही तारीख दोनदा येते. पहिल्यांदा 1990 मध्ये. त्या दिवशी वाघांनी जाफन्यातल्या मुसलमानांना उस्मानिया कॉलेजच्या मैदानात बोलावलं आणि दोन तासांत शहर सोडायला सांगितलं. पिढ्यानपिढ्यांची तमिळ बोलणारी माणसं, सोनार, शिंपी, व्यापारी. वाटेत झडती झाली, पैसे काढून घेतले, पोरींच्या कानातलं काढून घेतलं. त्या महिन्यात सबंध उत्तर प्रांतातून सुमारे 75 हजार मुसलमान असे हाकलले गेले. बहुतेकांनी पुत्तलमच्या छावण्या गाठल्या आणि तिथंच त्यांची नातवंडं जन्मली. त्या ऑगस्टमध्ये वाघांनी पूर्वेला काट्टनकुडीच्या मशिदींत नमाजाला वाकलेल्या शंभराहून जास्त लोकांना मारलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी काय म्हणाले? अक्का म्हणाल्या, काही घरांतल्या बायका रडल्या, कुणी किल्ल्या सांभाळायला घेतल्या, पण मैदानाकडं कुणी गेलं नाही.

मग 1995. तीच तारीख. सैन्य शहराजवळ आलेलं, आणि लाउडस्पीकरवरून इयक्कमचा हुकूम फिरला, सगळ्यांनी आजच निघायचं. चार-पाच लाख माणसं एका रस्त्यावर, नावर्कुळीच्या एका पुलावरून. पाऊस लागलेला. सायकलींच्या कॅरियरवर म्हाताऱ्या, टोपल्यांत बाळं. दहा-पंधरा किलोमीटरला रात्र गेली आणि दुसरा दिवस गेला. तहान लागली तेव्हा लोकांनी छत्र्या उलट्या धरल्या आणि साठलेलं पावसाचं पाणी लेकरांना पाजलं. अक्कांच्या पिशवीत दोन साड्या आणि एक प्लॅस्टिकचं पाकीट होतं. ओळखपत्रं, जन्माचे दाखले आणि घराची खरेदीखतं. तमिळ माणूस पळताना दागिने विसरेल, खत विसरणार नाही. जाफन्यात घर मुलीला हुंड्यात देतात, ते तिच्या नावावर राहतं. तेसवळमै हा त्यांचा रिवाजी कायदा डचांनी 1707 मध्ये लिहून काढला आणि तो आजही चालतो. अक्कांच्या आईचं हुंड्याचं घर मयिलिट्टीला, समुद्राजवळ. तो भाग 1990 मध्ये लष्करानं अतिसुरक्षित क्षेत्र म्हणून ताब्यात घेतला. पोरींची लग्नं ठरायची आणि खतावरचं घर दाखवता यायचं नाही. मयिलिट्टीचा किनारा 2017 मध्ये मोकळा झाला. गेल्या तेव्हा अक्कांना विहीर सापडली, घर नाही.

त्या रस्त्यावर चालताना 1990 च्या मुसलमानांची आठवण झाली का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. ‘मला पुलावर झाली,’ त्या म्हणाल्या. ‘मोठ्यानं कुणी बोललं नाही.’

यापुढचं मी भराभर सांगतो, कारण सांगताना हात जड होतो. जाफन्याच्या दक्षिणेला वन्नीच्या जंगलपट्ट्यात, युद्धाच्या शेवटच्या वर्षांत वाघ घरटी एक मूल सक्तीनं नेत. लग्न झालेल्याला सुरुवातीला सोडत. म्हणून आईबापांनी सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना जो पोरगा सापडला त्याच्या गळ्यात बांधलं. पुढं लग्न झालेल्यांनाही नेऊ लागले. काहींनी पोरं अंगणात खड्डे खणून, पिंपात बसवून लपवली, आणि रडण्याचा आवाज शेजारी जाईल म्हणून धास्तावली. 2009 च्या मे महिन्यात नंदिक्कडल खाजणाजवळच्या मुल्लिवायक्कालच्या अरुंद वाळूपट्टीवर युद्ध संपलं. सरकारनंच सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यांवर गोळे पडले, आणि बाहेर पळू पाहणाऱ्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं 2011 मध्ये लिहिलं की या अखेरच्या टप्प्यात 40 हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाचले ते जवळजवळ तीन लाख लोक मेनिक फार्म या छावणीच्या तारांच्या कुंपणात गेले. त्या पट्टीवर शेवटी खायला उरली होती पाण्यासारखी तांदळाची पेज, कांजी. आता दर मे महिन्यात लोक ती रस्त्याच्या कडेला शिजवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. त्रिंकोमालीकडं 2024 मध्ये ती वाटणाऱ्या बायकांना पोलिसांनी पकडलं. पेज वाटली म्हणून अटक!

दक्षिणेतही माणसंच राहतात, हे जाफन्यात बसून विसरायला होतं. अनुराधपुरात 1985 मध्ये बोधिवृक्षाच्या आवारात गोळ्या खाल्लेले यात्रेकरू, 2006 मध्ये केबितिगोल्लेवाला सुरुंगानं उडालेल्या बसमधली शाळकरी मुलं, हे सगळे सिंहलीच. कोलंबोत बॉम्बच्या वर्षांत नवराबायको वेगवेगळ्या बसनं जात, म्हणजे लेकरं अगदीच पोरकी व्हायची नाहीत. सैन्यात भरती व्हायची ती गरीब शेतकऱ्यांची पोरं, पगाराच्या आशेनं. त्यांच्या घरी फोटोला हार आहेत. काही फोटोंना अजून हार घातलेला नाही, कारण प्रेत आलं नाही.

उत्तरेतही तेच. किलिनोच्चीत 20 फेब्रुवारी 2017 पासून बेपत्ता माणसांच्या आया रस्त्यालगत मांडव घालून बसल्या. 2009 मध्ये आपल्या हातांनी सैन्याच्या स्वाधीन केलेली मुलं, नवरे कुठं आहेत, एवढंच विचारतात. सरकारनं बेपत्तांसाठी कार्यालय काढलं, 2016 च्या कायद्यानं मृत्यूच्या दाखल्याऐवजी गैरहजेरीचा दाखला द्यायची सोय केली. पण कुंकवाचं काय करायचं याचा दाखला कोण देणार? नवरा मेला म्हणावं तर आपणच मारला असं वाटतं, जिवंत म्हणावं तर रेशनपासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं अडतं. मांडवातल्या एका बाईच्या कपाळावर मोठा लाल टिळा होता. तो पाहून दोघी-तिघी आपसात काही कुजबुजल्या. अक्कांनी मला नंतर सांगितलं, कुजबूज अशी की हिला सैन्याकडून काहीतरी कळलेलं असणार, नाहीतर इतकी खात्री कशी? म्हणजे गोणपाट तिथंही आलंच, एकाच दुःखाच्या मांडवात.

बाहेर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. टोरोंटोत, लंडनमध्ये, पॅरिसच्या ला शापेलमध्ये जाफना वसला आहे, तिथून पैसा येतो, देवळांची गोपुरं रंगतात, रिकाम्या घरांना कुलपं लागतात. तिकडच्यांना सगळं लख्ख आठवतं, कोण वीर, कोण द्रोही. इकडं राहिलेल्यांना तसं आठवून परवडत नाही, कारण द्रोह्याचं दुकान कोपऱ्यावर आहे आणि साखर तिथूनच आणायची असते.

एक गोष्ट मात्र मी मनापासून आदरानं पाहिली. मुहमालईच्या रानात सुरुंग काढणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, बहुतेक घर एकट्यानं चालवणाऱ्या. गुडघे टेकून, तोंडावर जाड काच, हातात खुरप्यासारखं अवजार. मातीचा पापुद्रा काढतात, थांबतात, पुन्हा काढतात. दिवसभरात जेमतेम एका खोलीएवढी जमीन मोकळी होते. सुरुंग सैन्याचे आणि वाघांचे, दोघांचे. बाईला त्यातला फरक करावा लागतो तो फक्त निकामी करण्याच्या पद्धतीपुरता.

आपल्याकडून लंकेला सहली जातात. अशोकवाटिका दाखवतात, कँडी, नुवारा एलियाचे चहाचे मळे, आणि परत. उत्तरेचं नाव कार्यक्रमपत्रिकेत बहुधा नसतंच. जाणार असाल तर कोलंबो फोर्टवरून यालदेवी पकडा आणि दोन दिवस जाफन्याला द्या. वाचनालय पुन्हा बांधलंय, पांढरंशुभ्र, तिथं जा. कुणाच्या घरी उतरा. युद्धाबद्दल आपण होऊन विचारू नका, आणि कोण बरोबर होतं हे तर मुळीच नको. तुम्ही भारतातले आहात हे कळल्यावर कुणी 1987 ची दिवाळी काढली तर वाद घालू नका, ऐकून घ्या. आपल्या मामांनी जे सांगितलं नाही, ते तिथं सांगणारी माणसं अजून आहेत, पण त्यांची वयं झाली आहेत.